सुरूच्या बनापर्यंतचं मीठ

मे महिना सरत आला की ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी हात टेबलाखाली ठेवते. नखं लाल असतात. लाल म्हणजे जांभळट, काळपट, बघणाऱ्याला ही काय उद्योग करून आली असं वाटावं अशी. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडले की हा रंग बसतो, आणि मग साबण, लिंबू, भांडी घासायचा काथ्या, काही म्हणता काही चालत नाही. नख वाढून कापलं जाईल तेव्हाच तो जातो. एका गुजराती क्लायंटने एकदा कौतुकाने विचारलं होतं, घरात कुणाचं लग्न होतं का. मी म्हटलं, हो, जवळच्या नात्यात. आता त्याला कुठे आमसुलं समजावत बसू!

यंदाही तोच रंग लावून घेत बसले आहे. दिवेआगरला, आमच्या मागच्या पडवीत, पाय पसरून. माझ्यासमोर टोपलीभर रातांबे, पलीकडे पाटावर आई. रातांब्याला मधोमध चीर द्यायची, दोन बोटांनी तो उघडायचा, आतला गर बियांसकट पातेल्यात आणि साल परातीत. पहिल्या पाच-दहा फळांपर्यंत माणूस कपडे सांभाळतो. नंतर रस कोपरापर्यंत ओघळतो आणि सांभाळण्यासारखं काही उरत नाही. आंबट-गोड वास सुटलेला असतो, मुंग्यांची रांग पायरी चढून आलेली असते, आणि समुद्राकडून येणारा वारा अंगाला चिकटतो. घामाने म्हणावं तर घाम नाही, पाण्याने म्हणावं तर पाणी नाही, असा तो चिकटा. मला हे दिवस फार आवडतात. शहरात कुणी विचारलं तर मी उन्हाळा नकोसा होतो असंच सांगते, पण मनातून मी या दिवसांचीच वाट बघत असते.

वाडीत आता डोक्यावर आभाळ जास्त आहे. काही वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात आमच्या पोफळी आणि माड एका सकाळीत आडवे झाले. विहिरीमागची रातांब्याची झाडं तेवढी उभी राहिली. का राहिली, ते त्यांनाच माहीत. पूर्वी मागच्या अंगणात ऊन तुकड्यातुकड्याने यायचं, माडाच्या सावल्या सरकतील तशी आई सालींची चटई सरकवायची. वादळानंतर अंगण उघडं पडलं. नवी लावलेली पोफळ अजून माझ्या डोक्याच्या थोडीशीच वर गेली आहे. तिची सावली पडून पडून किती पडणार.

मी पोटासाठी काय करते हे या गावात फार कमी जणांना नीट सांगता येतं. मी केमिकल इंजिनीयर आहे, पण माझ्या हाताला रसायन लागत नाही. कारखान्यातल्या मोठमोठ्या टाक्या आणि उंच मनोरे यांच्या आत काय चाललंय ते उघडून बघता येत नाही. उघडलं तर ते चालणारच नाही. म्हणून मी कॉम्प्युटरवर समीकरणांचा तसाच एक कारखाना उभा करते. आत किती गेलं, बाहेर किती आलं, मध्ये किती साठलं, उष्णता कुठून आली नि कुठे गेली, याचा मेळ बसवते. मेळ बसला की मग त्या खोट्या कारखान्यात हवे ते उद्योग करून बघता येतात. इथली उष्णता वाढवली तर काय होईल, तिथलं पाणी कमी केलं तर काय बिघडेल. खरा कारखाना बिघडायच्या आधी खोटा बिघडवून बघायचा. रेखाकाकू, म्हणजे आमच्या शेजारी, ज्या घरातल्या तीन खोल्या पर्यटकांना देतात, त्यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की म्हणजे तू भातुकली खेळतेस आणि पगार घेतेस. तेव्हापासून मी गावात कंपनीत आहे एवढंच सांगते.

पण एका मे महिन्यात ती भातुकली आमच्या मागच्या अंगणात मांडावी लागली. दर वर्षी पहिला रातांबा फोडला की मला तोच मे आठवतो.

साथीचा कहर ओसरून वर्ष झालं होतं. आई त्या साथीत आजारी पडली होती, आणि इतरांसारखीच तिची चव आणि वास दोन्ही गेलं होतं. इतरांचं परत आलं. आईला फोनवर विचारलं की तीही सांगायची, आलं हो परत, कधीच आलं. मी विश्वास ठेवला. घरून काम करायची मुभा होती म्हणून त्या वर्षी मी मे महिन्याच्या सुरुवातीलाच गावी आले. माणगावपासून घाट उतरेपर्यंत गाडीत घसा कोरडा पडला होता. आल्या आल्या आईने आदल्या वर्षीच्या आगळाचं सरबत हातात दिलं. मी अर्धा पेला एका दमात प्यायले आणि तिथेच थांबले. समुद्रात पोहताना लाट तोंडात शिरावी तसं ते लागलं.

बाबा समोरच झोपाळ्यावर बसून तेच सरबत पीत होते. शांतपणे, घोट घोट. पेला रिकामा केला, खाली ठेवला, आणि आईने विचारलंही नव्हतं तरी म्हणाले, ठीक आहे.

आगळ म्हणजे रातांब्याचा मिठातला रस, आणि आमच्या आळीत आगळ म्हणजे आईचं आगळ. लग्न असो, मुंज असो, सोलकढीला बरणी आमच्याकडून जायची. त्यात विकत-बिकत काही नव्हतं, मानाचं होतं ते. मीठ कमी पडलं तर रस फसफसतो, बुरशी धरते. जास्त झालं तर तो खारवणी होऊन बसतो. मधली जागा अरुंद आहे, आणि ती आईला बोटाने सापडायची. बोट बुडवायचं, जिभेला लावायचं, डोळे क्षणभर मिटायचे, की झालं.

मी दुसऱ्या दिवशी हळूच चौकशी केली, तर काय, सगळ्या आळीला, नातेवाइकांनाही माहीत होतं. रेखाकाकू सोलकढीत नारळाचं दूध दुप्पट घालत होत्या. डोंबिवलीची मावशी आमटीत आमसूल टाकलं की मीठच घालत नव्हती. कुणी सरबतात साखर वाढवली होती. आपापल्या घरात प्रत्येकाने दुरुस्ती करून घेतली होती आणि आईला भेटल्यावर, यंदाचं आगळ काय फक्कड जमलंय म्हणून सांगितलं होतं. माणसं वाईट नव्हती. आजारातून उठलेल्या बाईला कोण कशाला दुखवेल? पण कारखान्यात असं झालं तर आम्ही कपाळाला हात लावतो. चुकीची बातमी मिळाली तर माणूस निदान घाबरतो तरी. सगळं छान चाललंय ही बातमी मिळत राहिली की तो तीच चूक पुन्हा, दुप्पट विश्वासाने करतो.

आईला सांगणं माझ्यावरच आलं. मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात तीच म्हणाली की तुझा पेला अर्धा राहिला होता, मी बघितलं. मग पदराला हात पुसले आणि विहिरीकडे बघत बसली. झाडं रातांब्यांनी लाल झाली होती, खाली सडा पडायला लागला होता.

"यंदा फोडायचे नाहीत," ती म्हणाली. "रेखाला सांग घेऊन जा म्हणून. जीभच नाही तर कसलं आगळ नि कसलं काय."

ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने टोपल्या उलट्या करून माळ्यावर टाकल्या आणि भात लावायला गेली. आईला मी आजारात बघितलं होतं, वादळानंतर आडव्या पोफळींमधून चालताना बघितलं होतं. तेव्हाही ती इतकी म्हातारी दिसली नव्हती. मला भीती वाटली. आज आगळ सोडलं, उद्या स्वयंपाक सोडेल, परवा अंगणात येणं सोडेल, अशी ती भीती होती.

त्या दुपारी पंख्याखाली मी माझं ऑफिसचं काम करत होते. एका उंच मनोऱ्याचं गणित होतं. दोन द्रव मिसळलेले असतात, उकळून वेगळे करायचे असतात. वरून निघणारा द्रव किती शुद्ध आहे ते पाहिजे असतं, पण दर मिनिटाला कोण तपासणार? नमुना प्रयोगशाळेत जातो, उत्तर यायला वेळ लागतो, तोपर्यंत मनोरा थांबत नाही. म्हणून आम्ही मध्येच कुठेतरी तापमान मोजतो. तापमान मोजणं सोपं. आणि तापमानावरून शुद्धतेचं अनुमान करतो. जे मोजता येत नाही ते, जे मोजता येतं त्यावरून ओळखायचं. हे काम मी कैक वर्षं करत होते. त्या दुपारी पहिल्यांदा मान वर करून अंगणाकडे बघितलं आणि मनात आलं, हात्तिच्या, हा तर आपलाच धंदा आहे.

आईला पटवायला दोन दिवस गेले. शेवटी ती आली ती माझ्यासाठी नाही. झाडाखाली फळं कुजायला लागली होती आणि तिला ते बघवेना म्हणून आली. स्वयंपाकघरातला वजनकाटा मी पडवीत आणला. रातांब्यांचं वजन, सालींचं वजन, मिठाचं वजन. दूधवाल्याकडून दुधातलं पाणी ओळखायची काचेची नळी मागून आणली. ती रसात सोडली की किती वर तरंगते त्यावरून रस किती दाट ते कळतं. साली रोज रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, संध्याकाळी पुन्हा बुडवायच्या. त्याला पुटं देणं म्हणतात. दर पुटाला साल थोडं मीठ उचलते, थोडं पाणी उन्हाला देते, आणि उरलेला रस बदलत जातो. आज जो रस बाहेर पडला तोच उद्या आत जाणार. माझ्या कामात अशा फिरत्या प्रवाहांनी भल्याभल्यांचा घाम काढलेला आहे. शेवटचं कळल्याशिवाय पहिलं कळत नाही आणि पहिल्याशिवाय शेवटचं. मग एक अंदाज धरायचा, पूर्ण फेरा मारायचा, शेवटी जे निघालं ते अंदाजाशी ताडून बघायचं, आणि फरक मिटेपर्यंत फेरे मारत राहायचं.

उन्हाचंही नवीन गणित होतं. सावल्या गेल्यामुळे साली पूर्वीपेक्षा लवकर वाळत होत्या आणि मीठ आत मुरण्याआधीच सालींवर पांढरं फुटून पुढच्या बुडीत रसातच परत येत होतं. आईचा जुना हिशेब माडांच्या सावलीतला होता, आणि ते माड आता नव्हते. आदल्या वर्षी जे बिघडलं त्यात तिच्या जिभेइतकाच या नव्या उन्हाचा हात होता, हे मला आकड्यांतून दिसलं. मी तिला ते सांगितलं. संध्याकाळी तिने स्वतः जुनी साडी दोरीवर आडवी टाकून चटईवर सावली केली.

आता एकच गोष्ट उरली होती. नळी सांगते रस दाट आहे, काटा सांगतो मीठ इतकं पडलं. पण चांगलं म्हणजे किती, हे कुठलंच यंत्र सांगत नाही. ते कुणीतरी जिभेने सांगावं लागतं, आणि मग त्या जिभेला आकडे जुळवून घ्यावे लागतात. माझी जीभ कामाची नव्हती. नवी मुंबईच्या कँटीनने ती केव्हाच बाद केली होती. रेखाकाकूंनी आईसमोर खोटं बोलायची सवय करून घेतली होती. उरले बाबा. जन्मभर आईचंच आगळ प्यायलेले.

माझे बाबा श्रीवर्धनला सरकारी कचेरीत होते. गरज नसेल तर बोलायचं नाही, आणि गरज असली तरी आधी जरा थांबून बघायचं, असा स्वभाव. जेवणाबद्दल तर त्यांच्या तोंडून मी आयुष्यात एकच वाक्य ऐकलं होतं, ठीक आहे. पुरणपोळी, ठीक आहे. करपलेली भाजी, ठीक आहे. आई नवी असताना विचारायची म्हणे, कसं झालंय म्हणून. मग विचारायची बंद झाली. यांना चवच कळत नाही, असं ती माहेरी सांगायची. सगळे हसायचे, तीही हसायची.

मी त्यांच्यासमोर वाट्या मांडल्या. एकीत बिनमिठाचा रस, एकीत बेताचं मीठ, एकीत भरपूर. बाबांनी तिन्ही चाखल्या आणि तीन वेळा सांगितलं, ठीक आहे. कारखान्यात मोजणारी यंत्रं बिघडतात ती दोन तऱ्हांनी. काही उड्या मारायला लागतात, ती लगेच कळतात. काही अडकून बसतात. काटा एकाच जागी, दिवसचे दिवस. लोक म्हणतात, वा, किती स्थिर चाललंय. असा संशय आला की आम्ही मुद्दाम कारखान्याला बारीकसा धक्का देतो. कुठली तरी झडप किंचित फिरवायची आणि बघायचं काटा हलतो का. मी बाबांना धक्का दिला. चौथ्या वाटीत मूठभर खडेमीठ विरघळवलं. त्यांनी घोट घेतला, डोळ्यांत पाणी आलं, त्यांनी ते पंच्याने टिपलं.

"ठीक आहे," बाबा म्हणाले.

मी हात टेकले. चिडलेच खरं तर. म्हटलं, बाबा, इथे आईचं आगळ बंद पडायची वेळ आली आहे आणि तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसला आहात. आई आत पोहे भिजवत होती, भांड्यांचा आवाज येत होता. बाबांनी तिकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"आमच्या अण्णांनी एकदा ताट भिरकावलं होतं. आमटीत मीठ कमी होतं म्हणून. पाहुणे बसले होते पंगतीला. माझी आई सगळ्यांसमोर अंगणात शितं वेचत होती. मी तिच्यासोबत वेचली." ते थांबले. "तेव्हाच ठरवलं, ताटावर बसून मिठाचं नाव काढायचं नाही. कधीच नाही."

मला वाटायचं माझ्या बापाला चवीतलं ओ की ठो कळत नाही. आणि हा माणूस जेवणाच्या प्रत्येक पानावर गप्प बसण्याचं काम करत आला होता. अण्णांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, फोटो आमच्या माजघरात आहे, हार घातलेला. त्यांचं नाव घेताना बाबांचा आवाज कधी बदलत नाही. आपण माणसं घराकडेही स्थिर चाललेल्या कारखान्यासारखंच बघतो. आवाज नाही, धूर नाही, म्हणजे आत काही चाललेलं नाही असं धरून चालतो. माझ्या कामात तर मी याला चूक म्हणते.

मी बाबांना एवढंच म्हटलं की ती शितं आता कुणी वेचणार नाही. आईला मीठ कळत नाही, आणि तुम्ही सांगितलं नाहीत तर ती रातांबे फोडणं सोडेल. ते उठून वाडीत गेले. बराच वेळ नव्या पोफळींना पाणी घालत होते.

संध्याकाळी आई पातेल्यापाशी बसली होती, सालींना पुट द्यायच्या तयारीत. बाबा आले, हातपाय धुतले, चूळ भरली. मग स्वतःहून वाटी पुढे केली. आईने चमकून माझ्याकडे बघितलं. तिने वाटीत रस घातला. बाबांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला.

"मीठ जास्त झालंय," बाबा म्हणाले.

मला वाटलं आई आता उठून आत जाईल. इतक्या वर्षांनी हे पहिलं वाक्य, आणि तेही असं! आई जागची हलली नाही. तिने पळी खाली ठेवली, बाबांकडे नीट तोंड केलं, आणि विचारलं, "किती?"

हा प्रश्न मी कारखान्यांतल्या मोठमोठ्या साहेबांना शिकवता शिकवता दमले आहे. जास्त आहे, कमी आहे, यावर भांडण होतं. किती आहे यावर काम होतं. आईला तो कुणी शिकवला नव्हता, आणि मला वाटतं तिला त्या क्षणी मिठापेक्षा दुसरंच काही हवं होतं. तिला आणखी ऐकायचं होतं.

बाबा विचारात पडले. त्यांच्याकडे चवीचे शब्दच नव्हते, कधी वापरलेच नव्हते. त्यांनी मागच्या दाराबाहेर बघितलं. आमच्या घरातून समुद्राची वाट सरळ आहे. आधी विहीर, मग वाडी, मग वाडीचं कुंपण, मग सुरूचं बन, मग वाळू, मग पाणी.

"वाळूपर्यंत आलंय," ते म्हणाले. "पाण्यात नाही शिरलं अजून. पण सुरूचं बन मागे पडलं."

आई हसली. आजारानंतर तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं. तिने विचारलं की मग कुठे थांबायला पाहिजे होतं. बाबा म्हणाले, बनातच. दोन झाडं अलीकडे. आईने बिनमिठाच्या रसाच्या दोन पळ्या घातल्या, ढवळलं, पुन्हा वाटी पुढे केली. बाबा म्हणाले, आता वाळू पायाला लागत नाही.

माझी मात्र धावपळ उडाली. विहीर म्हणजे शून्य, समुद्र म्हणजे समुद्र, आणि मधला प्रत्येक टप्पा मी त्या काचेच्या नळीवर आणि वजनकाट्यावर बसवला. हसू नका, फार चांगलं बसलं. बाबांची जीभ अडकलेली नव्हतीच, ती अतिशय बारीक होती. कुंपण आणि बन यांच्यामध्ये त्यांना आणखी कितीतरी जागा कळायच्या. रामफळाचं झाड, तुटलेला बाक, तारेतून वाकून जायची जागा. कॉम्प्युटरवर मांडलेलं माझं आगळाचं मॉडेल त्या मे महिन्यात मेळ खाऊ लागलं. रातांब्यांचं वजन आणि उन्हाचे तास सांगितले की ते सांगायचं, मीठ एवढं घाल, इतकी पुटं दे, तर बनात पोचशील. आणि आई पोचायची. दक्षिणेकडे ढग जमायच्या आत बरण्या भरल्या. पहिल्या बरणीवर फडकं बांधून आईने रेखाकाकूंना हाक मारली. काकूंनी चव घेतली. पेला पुन्हा पुढे केला. त्यावरून आम्हाला काय ते समजलं.

पण आगळावर ते थांबलं नाही. बाबांना बोलायची सवय लागली. आई जेवायला बसली की ते तिला पानातलं सांगू लागले. आज आमटीला गूळ पुढे आहे, खोबरं मागून येतंय. कैरीच्या डाळीत मिरची आधी भेटते, मग कैरी. भाताला आज नवा वास आहे, पहिल्या पावसात भिजलेल्या गोणपाटासारखा, पण चांगल्या अर्थाने. आई पुढ्यातला बेचव घास चावत ऐकायची, मध्येच थांबून विचारायची, किती पुढे? कोण कुणाच्या आधी? तिच्या जिभेवर काही लागत नव्हतं, पण ती जेवत होती, आणि पूर्वीपेक्षा सावकाश जेवत होती. मी फोन केला की मागे बाबांचा आवाज ऐकू यायचा. माझ्या लहानपणी त्या घरात जेवताना फक्त पंख्याचा आवाज असायचा.

यंदा मी आगरदांड्याहून बोटीने आले, हायवेवर गाड्या तुंबल्या होत्या म्हणून. बोटीच्या कठड्याला टेकून उभी होते तेव्हा ओठांवर खारा तुषार बसला. मी जीभ फिरवली आणि मनात म्हटलं, समुद्र. ही बाबांची मोजपट्टी आता माझ्याही तोंडात बसली आहे. घरी पोचले तर टोपल्या भरलेल्या, काटा पडवीत मांडलेला, काचेची नळी धुऊन पालथी घातलेली. माझं मॉडेल आता आईच्या फोनवर आहे. ती चष्मा लावून वजनं घालते आणि ते सांगेल तेवढं मीठ मोजून घेते. मला बरं वाटलं. आपण केलेली वस्तू कुणीतरी वापरतंय यासारखं सुख नाही.

आज दुपारी फोडून झाल्यावर मी हात धुवायला विहिरीवर गेले होते. पायरीवरून पडवी दिसते. आई पातेल्यापाशी एकटी होती. मोजलेलं मीठ घालून झालं होतं. तिने रस ढवळला, बोट बुडवलं, जिभेला लावलं. जुनी सवय आहे, हात जातोच, असं मला वाटलं. मग तिने डोळे क्षणभर मिटले.

मी हातातला पोहरा तसाच धरून उभी राहिले. आईचे डोळे उघडले तेव्हा चेहऱ्यावर ते जुनं ‘झालं’ उमटलं होतं. पूर्वीचं. मी ते लहानपणापासून ओळखते. आणि त्यानंतर तिने जे केलं ते बघून मला हसू आवरेना. तिने बाजूच्या भांड्यातून बिनमिठाच्या रसाची एक पळी घेतली आणि अगदी शांतपणे पातेल्यात ओतली. जमलेलं आगळ तिने मुद्दाम किंचित बिघडवलं.

मी आत आले. तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं की मी बघितलंय. आमच्यात चोरी राहिली नाही. मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, मागच्या दिवाळीपासून थोडं थोडं, आता बरंचसं. मी म्हटलं, अगं मग बाबांना सांगितलं का नाहीस?

तिने पदराला बोट पुसलं.

"मी या घरात आले तेव्हापासून वाट बघत होते गं, ताटावर बसून हा माणूस काहीतरी बोलेल म्हणून. आता बोलतात. बोलू दे."

मग तिने हाक मारली, अहो, जरा येता का. बाबा वाडीतून आले. हातपाय धुतले, चूळ भरली, झोपाळ्यावर न बसता तिच्यासमोर पाटावर बसले. वाटी घेतली, घोट तोंडात घोळवला, मागच्या दाराबाहेर बघितलं. विहीर, वाडी, कुंपण. त्यांना वेळ लागला. आई हातात पळी धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होती, जणू तिला खरंच काही माहीत नाही.

"कुंपण ओलांडलं," बाबा म्हणाले. "पण बन अजून यायचंय."

"किती राहिलंय?" आईने विचारलं.